लाकडाची नाडी

कोणे एके काळी नदीच्या वळणावर एक नगर होतं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो आणि तो राग मोठ्यांवरच आहे.

त्या नगरात एक म्हातारे वैद्य होते. नाडी पाहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या घरचा एक नियम होता. सकाळी पहिल्या रोग्याच्या मनगटाला हात लावण्याआधी घटकाभर लाकडी पाटावर स्वस्थ बसायचं. डोळे मिटायचे. श्वास येतो-जातो, तेवढा पाहायचा. मग तीन बोटं पाटाच्या कडेवर टेकवायची. बोटांत धडधड लागली तर उठायचं नाही. ती निवली की मगच दार उघडायचं.

"आपल्या बोटांतही नाडी असते," म्हातारे वैद्य म्हणत. "ती गप्प बसते, तेव्हाच दुसऱ्याची ऐकू येते."

हा नियम त्यांनी दोघांना लावून दिला होता. एक त्यांचा शिष्य आणि दुसरी घरात औषधं कुटणारी बाई. गावात तिला सगळे कुटणारीच म्हणत. "तुला गं कशाला हवंय हे बसणं?" असं कोणी विचारलं, तर ती म्हणे, "वैद्यबाबांनी सांगितलंय म्हणून. आणि कंबर दुखायची थांबत नाही, पण तिची कटकट थांबते."

पुढे म्हातारे वैद्य गेले आणि शिष्य वैद्य झाला. हुशार होता, नाव झालं. राजाने त्याला पालखी दिली, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

आधी सणाचा दिवस म्हणून त्याचं बसणं राहिलं. मग दरबारातून बोलावणं आलं म्हणून. मग दारात गर्दी होती म्हणून. शेवटी पाट भिंतीला लागला आणि त्याच्यावर चूर्णाच्या बरण्या येऊन बसल्या. वैद्याची झोप उडाली. जेवताना चित्त ताटात नसे. कपाळावरची आठी आंघोळ करतानाही उतरत नसे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण हा माणूस रोज दहा जणांना सांगे, "झोप येत नाही ना? सकाळी घटकाभर स्वस्थ बसत जा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. कुटणारी आत बसून हे ऐके आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तिची स्वतःची सुखं काही उतू जात नव्हती. नवरा कधीच वारला होता, छप्पर गळत होतं, काम तिप्पट झालं होतं. तरी पहाटेची घटका तिने कधी चुकवली नाही. त्यानं दुःखं गेली असं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागे, आणि कामाला लागलेला हात थरथरत नसे, एवढंच. राग तिलाही भरपूर येई. फक्त तो तिच्या डोक्यावर चढून बसत नसे.

एका वर्षी राजाच्या बागेतला माळी आला. अंगात त्राण नव्हतं. वैद्याने पालखीतून उतरता उतरताच त्याचं मनगट धरलं, "पित्त खवळलंय" म्हणाला आणि जुलाबाचा जालीम रेच दिला. आठव्या दिवशी माळी गेला.

"फार उशिरा आणलंत," वैद्य माळणीला म्हणाला.

कुटणारीने ते ऐकलं. तो रेच तिनेच कुटला होता. त्या दिवशी तिने बत्ता धुऊन जागेवर ठेवला आणि घरी गेली.

मग तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ धडधाकट झालं, पण नवव्या दिवशी लेकीला उठून बसवेना. ओठ पांढरे, डोळे खोल गेलेले. कुटणारीने तिला गाडीत घालून वैद्याच्या घरी आणलं आणि आतल्या खाटेवर निजवलं.

वैद्य तेव्हाच दरबारातून परतला होता. तिथे राजाच्या उजव्या हाताला कोणी बसायचं यावरून त्याचं दुसऱ्या वैद्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याच तिरमिरीत त्याने लेकीचं मनगट धरलं.

"पित्त खवळलंय. जमालगोट्याचा रेच. घे कुटायला."

"वैद्यबुवा, नऊ दिवसांची बाळंतीण आहे ती," कुटणारी म्हणाली.

"नाडी मी पाहिली की तू?"

"मीही पाहिली. सुतासारखी लागतेय. मधूनच सापडत नाही."

"बत्ता धरणाऱ्या हातांनी नाडी पाहायची नसते. कूट म्हटलं की कुटायचं."

कुटणारीने बत्ता खाली ठेवला. दारातली रांग माना लांब करून आत पाहत होती.

"माळ्याच्या वेळी कुटलं," ती म्हणाली. "तेव्हाच हात आखडला असता तर माळीण आज कुंकू लावून फिरली असती. आता नाही कुटणार."

तिने भिंतीशी जाऊन पाटावरच्या बरण्या एकेक करून खाली उतरवल्या. पाट पदराने पुसला आणि वैद्यासमोर आणून ठेवला.

"ठेवा बोटं. बाबांच्या वेळी ठेवत होता तशी."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? एकदाचं हिचं तोंड बंद व्हावं म्हणून वैद्याने तीन बोटं पाटाच्या कडेवर टेकवली.

धडधड, धडधड. उड्या मारणारी, जोरकस. अगदी तीच, जी त्याला लेकीच्या मनगटावर लागली होती.

"काय लागतंय?" कुटणारीने विचारलं.

त्याने बोटं आणखी दाबून धरली.

"सांगा की. लाकडालाही पित्त झालंय का?"

रांगेत कोणी हसलं नाही. वैद्याने बोटं उचलली, पुन्हा टेकवली, आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो पाटावर बसला. डोळे मिटले. घटका भरली तेव्हा त्याने पुन्हा बोटं टेकवून पाहिली. धडधड होतीच. तीन वर्षं मोडलेली सवय एका बैठकीत कुठून परत यायची? आत बाळ रडत होतं.

"बाई," तो खाली मान घालून म्हणाला, "तू बघ. तुला काय लागतंय ते मला सांग."

कुटणारीचा संताप गळ्यापर्यंत आला होता. तरी तिने आधी पाटावर बोटं टेकवली. पाट गप्प होता. मग तिने लेकीचं मनगट हातात घेतलं. ती सांगत गेली, तो विचारत गेला. त्याची विद्या काही खोटी नव्हती, फक्त त्या विद्येला ऐकू येईनासं झालं होतं. रेच राहिला. पेज, तूप आणि दुधातली शतावरी ठरली. चौथ्या दिवशी लेक भिंतीला टेकून बसली आणि तिने बाळाला पाजलं.

वैद्याने पालखी परत पाठवली. सकाळची पहिली घटका राजाचा हुजऱ्या आला तरी दार उघडेनासं झालं. पाट गप्प व्हायला सहा महिने लागले. तोवर कुटणारी नाडी पाही आणि औषध वैद्य ठरवी. गावाने नावं ठेवली, दोघांनी ती ऐकून घेतली.

पाट गप्प झाला त्या दिवशी वैद्य माळणीच्या दारी गेला. ती वाफ्यांना पाणी घालत होती. त्याने काही लपवलं नाही. माळ्याला पित्त झालंच नव्हतं, ती धडधड आपल्याच बोटांची होती, हेही सांगितलं.

माळणीने सगळं ऐकून घेतलं.

"आता रोज बसता म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हाच बसायचं होतं."

आणि तिने कळशी उचलून पुढच्या वाफ्याला पाणी घातलं. तिने पुन्हा वर पाहिलं नाही, तेव्हा वैद्य चालत घरी गेला.

गोष्ट इथे थांबते, पण सांगणं राहिलं, ते एवढंच: जो रोज घटकाभर स्वतःपाशी स्वस्थ बसत नाही, त्याला दुसऱ्याच्या मनगटावरही स्वतःचीच धडधड ऐकू येते.