कोरड्या अंगणातलं पाणी

उंडीबंदर नावाच्या लहानशा कोळीवाड्यात, किनाऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात, करवंटीबाबा महाराजांचा मुक्काम होता. एक लंगोटी आणि एक नारळाची करवंटी, एवढाच त्यांचा संसार! भिक्षा तिच्यातच आणि पाणीही तिच्यातच.

त्या वर्षी वादळाने वाड्याची पार दाणादाण उडवली. सकाळी वारा पडला तेव्हा घरांवर कौलं उरली नव्हती, माड आडवे झाले होते, आणि पदाजी नाखव्याची होडी परतली नव्हती. तिच्यावर बुध्या आणि त्याचे दोन सोबती होते. बुध्याची बायको ठमी धावतच देवळात आली. महाराजांच्या करवंटीत रोज पहिला घास तीच घालायची.

पण आज महाराजांना चैन नव्हतं. अंगणात नुसत्या येरझाऱ्या, नजर दर्याकडे. एकाएकी ते उकिडवे बसले आणि होडीतलं पाणी उपसावं तशी वाऱ्याने सुकलेल्या कोरड्या जमिनीवरून करवंटी भरून भरून मागे रिती करू लागले.

“महाराज, माझा धनी...” ठमीला पुढे बोलवेना.

“बोलू नकोस, बये. माझा हात भरून आला की तू उपस. थांबायचं नाही!”

का, कशाला, ठमीने काही विचारलं नाही. पदर खोचून बसली. शेजारणी येऊन रडल्या, ‘घरी चल’ म्हणाल्या. ठमीला हुंदके आवरत नव्हते, पण हात चालूच होता.

दुपारी पदाजी आला. आभाळ भरलेलं दिसत असताना ‘माझी होडी नवी हाय, निघा’ म्हणून यानेच माणसं धाडली होती. आता आत कुठेतरी बोचत होतं, पण ताठा कसा तो जाईना!

“अगं येडे, होडी दर्यानं खाल्ली. बांगड्या उतरव आता! कोरड्यातून पानी उपसतेस? या गोसावड्याच्या नादानं?”

असं म्हणून त्याने तिच्या हातातली करवंटी हिसकावली आणि लांब पडलेल्या माडांत भिरकावली. जमलेली माणसं हसली.

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे, काय केलंस हे! ठमे, धाव!” म्हणत ते ओंजळींनीच उपसू लागले. ठमी झावळ्या उचकत सुटली. करवंटी सापडेना. जीव नुसता कासावीस! अखेर हाती लागली, तशी ती धावत येऊन पुन्हा बसली.

उन्हं कलली आणि किनाऱ्यावरून आरोळी उठली, “होडी आली!”

तिघेही जिवंत होते हो! बुध्याला वाळूवर निजवलं. तो म्हणाला, “फळी उखडली, नाखवा. सकाळीच आमचे हात गळाले, पडून राहिलो. पन पानी आपोआप उतरत व्हतं! दुपारी मातर एकदम चढलं, पार छातीला लागलं. म्हटलं, संपलं आता. आनि काय सांगू, पुन्हा उतराया लागलं.”

देवळातून धावत आलेली ठमी त्याला बिलगली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. पदाजीने हे ऐकलं मात्र, तो तसाच देवळाकडे पळाला.

महाराज शांत बसले होते. तळहात सोलवटलेले. त्यांच्या मागची सगळी जमीन ओलीचिंब होती. पदाजीने बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट! त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

“महाराज, तीन जीव माझ्या हातानं बुडत व्हते!”

महाराजांनी करवंटी त्याच्या हातात ठेवली.

“पाया मग पड. होडीत अजून पाणी आहे. जा, उपस.”

त्या संध्याकाळी पदाजी नाखवा गुडघाभर पाण्यात बसून एकटाच होडी उपसत होता, आणि किनाऱ्यावर कुणीही हसलं नाही.