साळुंकीची पाणखबर

सागाच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे, आणि ती नेहमी मान वर करून चालत असे. त्याला कारणही तसंच होतं, बालमित्रांनो! जंगलाच्या कडेला एक शाळा होती आणि त्या शाळेच्या खिडकीत बसून साळुंकी चक्क इंग्रजी शिकली होती. साऱ्या जंगलात हे भाग्य दुसऱ्या कुणाला लाभलं नव्हतं. समोरच्याला माहीत असो वा नसो, ही गोष्ट ती दिवसातून दोनदा तरी सांगायचीच.

आता, शिकली म्हणजे किती? तर एके दिवशी साटम बाईंनी फळ्यावर विशेषणं लिहिली. ब्यूटिफुल, वंडरफुल, ग्रेट, नाइस. मुलांनी ती मोठ्यानं म्हटली. बाई म्हणाल्या, "शाब्बास! आता ही वापरायची कशी, ते बघू." पण साळुंकीला कुठला धीर! "झालं, आलं मला!" असं म्हणत ती भुर्रकन उडालीसुद्धा.

त्या जंगलात एक रीत होती. उन्हाळ्यात ओढे आटले की पाणी उरायचं ते फक्त लांबच्या तीन डोहांत. रणरणत्या उन्हात कुणाला उगाच हेलपाटा पडू नये, म्हणून रोज पहाटे एक पक्षी तिन्ही डोह पाहून येई आणि वडावर बसून सगळ्यांना पाणखबर सांगे. बरीच वर्षं हे काम टिटवीकडे होतं. "वरचा डोह आटलाय. मधला गढूळ, पण काठ टणक," एवढं बोलून ती गप्प बसायची. त्या वर्षी तिचा पंख दुखावला आणि आपली साळुंकी तोऱ्यात पुढे झाली.

"ऐका!" वडाच्या शेंड्यावरून तिनं पहिलीच खबर दिली. "खालचा डोह आज ब्यूटिफुल आहे, वंडरफुल आहे, ग्रेट आहे!"

"वा! वा!" मोर म्हणाला. वानरांनी टाळ्या पिटल्या. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी जरा जास्तच माना डोलावल्या. फक्त एका हरिणीनं विचारलं, "म्हणजे गं कसा?"

"कसा म्हणजे? फारच!" साळुंकी म्हणाली. "अगं, एका डोहाला तीन तीन विशेषणं लावलीत मी. आणखी काय हवं तुला?"

हरिणी बिचारी ओशाळली. आपण अडाणी, असं तिला वाटलं आणि ती पुन्हा काही विचारायला गेली नाही.

असे बरेच दिवस गेले. एका पहाटे साळुंकी खालच्या डोहावर पोचली तेव्हा पाण्यात निळी कमळं उमलली होती. कमळांभोवती दाट, खोल चिखल होता. तो साळुंकीला दिसला नाही, असं मुळीच नाही. पण फळ्यावरच्या शब्दांपैकी एकही त्याला लागू पडेना, म्हणून तिनं तो सोडून दिला. "खालचा डोह ब्यूटिफुल!" तिनं वडावरून पुकारा केला. सगळे तिकडे निघाले आणि सगळ्यांच्या पुढे उड्या मारत हरिणीचं पाडस धावलं.

ते पोटापर्यंत रुतलं. धडपडेल तसं आणखी खाली जाऊ लागलं. शेवटी गवा चिखलात उतरला आणि त्यानं नाकानं ढकलत ढकलत पाडसाला कसंबसं काठावर आणलं. पाडस वाचलं, पण त्याचा पुढचा पाय मुरगळला.

"तुझ्या त्या ब्यूटिफुलमध्ये चिखलही येतो, हे आधी सांगायला काय झालं होतं?" हरिणीनं विचारलं.

"उद्यापासून तुझी खबर आम्हाला नको," गवा म्हणाला आणि कुणीही तिची बाजू घेतली नाही. साळुंकीला फार फार लाज वाटली. त्याहून मोठी काळजी पाडसाची होती. लंगडत लंगडत ते जेमतेम एका डोहापर्यंत पोचलं असतं. तिथे पाणी पिता आलं नाही, तर दुसरा डोह गाठायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा भरली आणि साळुंकी खिडकीत हजर! बाईंनी टेबलावर आंब्यांची टोपली ठेवली होती. एका मुलीचे डोळे रुमालानं बांधले होते. मधू नावाच्या मुलाला बाई म्हणाल्या, "यातला एक आंबा मनात धर आणि तिला विशेषणं सांग. तिला तोच आंबा सापडला पाहिजे."

"नाइस मँगो!" मधू म्हणाला.

"अरे, सगळेच नाइस आहेत. ती कुठला उचलणार?"

मधूनं डोकं खाजवलं. "स्मॉल... राउंड... सॉफ्ट."

मुलीनं टोपलीत हात फिरवला आणि एक लहान, गोल, मऊ आंबा बरोबर बाहेर काढला. सारा वर्ग ओरडला. 'अर्धाच धडा शिकून मी केवढी मिरवले!' असं खिडकीतल्या साळुंकीच्या मनात आलं. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत ती जागची हलली नाही.

पुढच्या पहाटे ती तिन्ही डोहांवर गेली. नुसती वरून उडाली नाही, तर प्रत्येक काठावर उतरली, पाय रोवून पाहिले, चोच बुडवून पाहिली. मग वडावर येऊन हळूच म्हणाली, "पटलं तर ऐका. मधला डोह शॅलो, म्हणजे उथळ. पाणी मडी, म्हणजे गढूळ. काठ रॉकी, म्हणजे खडकाळ. वाट सपाट आहे आणि डोहाशी वाकडी जांभूळ आहे."

"गढूळ म्हणे!" मोर हसला. "असली खबर देतात होय? मी आपला कमळांकडेच जाणार."

हरिणीनं मात्र डोळे मिटून घेतले. आज पहिल्यांदाच तिला खबर ऐकताना डोह दिसत होता. "चल रे," ती पाडसाला म्हणाली.

साळुंकी त्यांच्या डोक्यावरून फांदी फांदी पुढे जात राहिली. आपला एखादा शब्द चुकला तर, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता. वाट सपाट निघाली. पाडस लंगडत चाललं. वाकडी जांभूळ आली. पाडसाच्या खुराखाली खडक वाजला, टक्! पाणी उथळ होतं, गढूळही होतं, पण पाडसानं तोंड घातलं ते पोट भरेपर्यंत वर काढलं नाही. साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळानं मोरही तिथेच आला. त्याच्या पिसाऱ्याला चिखल लागला होता. तोही ते गढूळ पाणी पिऊ लागला.

संध्याकाळी वडाखाली सगळे जमले. "खबर साळुंकीच सांगेल," गवा म्हणाला. "पण तिला आता एक विशेषण द्यायला हवं. बोला, कुठलं देऊ या?"

"थोर!" वानरं ओरडली. "विद्वान!" मोर म्हणाला.

"नको," हरिणी म्हणाली. "भरवशाची."

साळुंकीची मान आपोआप वर झाली. या एका शब्दाचा तिला जेवढा अभिमान वाटला, तेवढा फळ्यावरच्या साऱ्या शब्दांचा मिळूनही कधी वाटला नव्हता.

"साळुंकीमावशी," पाडसानं विचारलं, "भरवशाचीला इंग्रजीत काय म्हणतात?"

पूर्वी साळुंकीनं दिलं असतं काहीतरी ठोकून!

"मला नाही माहीत, बाळा," ती ताठ मानेनं म्हणाली. "उद्या बाईंकडून शिकून येते."

तात्पर्य : विशेषण वस्तूला नटवण्यासाठी नसतं, ती कशी आहे हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून असतं. भारी शब्दांचा तोरा चार दिवस टिकतो, नेमक्या शब्दाचा मान कायम राहतो.