बोकडानं चाखलेली पूड

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात शेळ्या राखणारा एक म्हातारा राहायचा.

त्याची एक रीत होती. रानात अनोळखी पाला दिसला की तो आधी आपल्या बोकडाला घालायचा. बोकडानं तो खाल्ला आणि दिवस मावळेपर्यंत निवांत रवंथ केला, तर पाला चांगला. मग तो कळपाला चारायचा, कधी घरी भाजीलाही आणायचा. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. लोक थट्टा करायचे, "बाबा, आता आम्ही वैद्याकडं जात नाही. तुझ्या बोकडालाच नाडी दाखवतो!"

म्हातारा हसायचा. पण मनातून त्याला ते खरंच वाटायचं.

त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. चेहरा उतरलेला, चार पावलं चालली की दम लागायचा. तिच्याकडं बघून म्हाताऱ्याचा जीव तुटायचा.

बाजाराच्या दिवशी एक माणूस पुड्या विकत बसला होता. "ताकदीची पूड! आठ दिवसांत अंगात बळ!"

म्हाताऱ्यानं विचारलं, "माझी लेक पोटुशी आहे. तिला चालेल ना?"

"न चालायला काय झालं, बाबा? सगळा झाडपाला आहे. झाडपाल्यानं कुणाला काय होतंय?"

पाला असता तर म्हाताऱ्यानं ओळखला असता. पण ती होती पूड. पान नाही, देठ नाही, फूल नाही. म्हाताऱ्यानं दोन पुड्या घेतल्या.

घरी येऊन त्यानं रीतीप्रमाणे चिमूटभर पूड भाकरीच्या तुकड्याला लावून बोकडाला घातली. बोकडानं ती खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत मजेत रवंथ केला. सुईण तीन घरं पलीकडंच राहायची. तिला विचारावं, असं म्हाताऱ्याच्या मनातही आलं नाही. बोकडानं सांगितलं होतं ना!

"आबा, लई कडू आहे हो," लेक तोंड वेडंवाकडं करत म्हणाली.

"औषध कडूच असतं, बाळा. डोळे मिट आणि घे."

बापानं दिलं म्हणून तिनं घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसलेली लेक एकदम ओरडली. म्हातारा धावला. तिचं लुगडं रक्तानं भिजलं होतं.

सुईण पळत आली. तिनं म्हाताऱ्याला बाहेर काढलं आणि दार लावलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते दार उघडलं.

"पोर वाचली," सुईण म्हणाली. "बाळ रडलंच नाही."

मग तिनं म्हाताऱ्याला विचारलं,

"काय खायला घातलंस तिला?"

त्यानं उरलेली पुडी पुढं केली. "पण मी आधी बोकडाला घातली होती गं. त्याला काही झालं नाही."

सुईणीनं कपाळावर हात मारला. "अरे, शेळी रुईचा विषारी पालाही खाते. तू खाशील का? आणि बोकडाच्या पोटात बाळ होतं का रे?"



पुढच्या बाजाराला तो पुडीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "यात काय काय आहे?"

पुडीवाला गडबडला. "मला काय ठाऊक, बाबा? माल पोत्यातून येतो. मी नुसत्या पुड्या बांधतो."

"तुझ्या घरात कुणाला दिलीस कधी?"

"छे!" तो पटकन बोलून गेला. "माझी बायको पोटुशी होती, तेव्हा सुईणीला विचारल्याशिवाय मी तिला साधा काढासुद्धा दिला नाही."

म्हातारा तिथंच मातीत बसला.

तेवढ्यात एक बाई आली. "माझ्या सासूला अशक्तपणा आहे. एक पुडी द्या."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "बाई, सासूला वैद्याचं काही औषध चालू आहे का?"

"आहे की. छातीत धडधडतं म्हणून घेतात त्या."

"मग ही पूड त्या औषधाबरोबर चालते का, आणि हिच्यात आहे तरी काय, ते आधी याला विचार."

बाईनं विचारलं. पुडीवाला खाली बघू लागला. बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला.

तात्पर्य: झाडपाल्याचं आहे एवढ्यावर कुठलंही औषध भरवशाचं होत नाही. त्यात काय आहे, आणि ज्याला द्यायचं त्याच्या अंगाला ते सोसेल का, हे जाणत्या माणसाला आधी विचारावं. माया करणाऱ्यानं तर नक्कीच विचारावं, कारण आपल्या हातचं आपलं माणूस डोळे मिटून घेतं.