यमुनेचं दुसरं बारसं

संगणकाच्या खोलीत लोक चपला काढून जायचे, त्या काळची गोष्ट. एका वाचनालयात पुस्तकांची सगळी माहिती यमुना नावाच्या सर्व्हरच्या पोटात असे. पुस्तकं देण्याच्या खिडकीवरच्या संगणकातला म्हातारा प्रोग्राम तिला नावानं हाक मारी आणि हवं ते विचारून घेई.

एके दिवशी नव्या व्यवस्थापकांना हौस आली. त्यांनी सर्व्हरच्या कानात 'कुर्र' करून नाव ठेवलं, ज्ञानलक्ष्मी!

दुसऱ्या सकाळी प्रोग्रामनं हाक मारली, "यमुने! अगं यमुने!" तिकडून ओ नाही. बाहेर वाचकांची रांग वाढली, तसा म्हाताऱ्याला घाम फुटला. "गेली बिचारी," त्यानं जाहीर केलं. व्यवस्थापकांनी घाबरून तिला तीनदा बंद-चालू केलं. तरी तेच.

शेवटी टेबलावरच्या रबरी शिक्क्यानं सरळ तिलाच विचारलं, "बाई, जागी आहेस ना?"

"तीनदा उठले की! पण मला कुणी हाकच मारत नाही. हा मेला सकाळपासून कुठल्याशा यमुनेच्या नावानं बोंबलतोय."

प्रोग्राम भडकला, "नाव बदललं हे मला कुणी सांगितलं?"

"तेच तर!" शिक्का म्हणाला. "जिला हाक मारायची, तिच्या कानात कुर्र केलं. ज्यानं मारायची, त्याचा कान राहिला."