नवसागराची बाटली

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात येसबा नावाचे एक वस्ताद राहत होते. तालमीत पोरांना कुस्ती शिकवायची, एवढंच त्यांचं जग. माणूस तोंडाचा तिखट, पण पोरांवर जीव टाकणारा. सकाळी ज्याचा कान पिळतील, त्यालाच संध्याकाळी आपल्या वाटणीचं दूध पाजतील.

त्यांच्या मनात एकच सल होता. चैत्रातल्या जत्रेत शेवटची कुस्ती जो मारेल, त्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधायचे. गेली बावीस वर्षं तो फेटा नदीपलीकडच्या गावात जात होता. बावीस वर्षांपूर्वी ती शेवटची कुस्ती खुद्द येसबाच हरले होते. गाव केव्हाच विसरलं होतं. पण ज्याची पाठ मातीला लागते, तो कुठला विसरायला!

अशात त्यांच्या हाताखाली हैबती नावाचा पैलवान तयार झाला. तेविशीचा गडी, खांबासारखा उभा, आणि स्वभावाने अगदी गरीब. वस्ताद म्हणतील ती पूर्व दिशा! त्या तालमीचा रिवाजही तसाच होता. मैदानात उतरायचं की नाही, हे पैलवानाने ठरवायचं नाही, वस्तादाने ठरवायचं. तरणं रक्त उतावीळ असतं. वस्तादाने त्याला वेळेवर आवरावं, म्हणून जुन्या जाणत्यांनी हा रिवाज पाडला होता.

हैबतीत खोट म्हणाल तर एकच. मैदानात नाव पुकारलं की त्याचे हातपाय गार पडायचे.

एकदा अशाच वेळी येसबांना घरातली नवसागराची बाटली आठवली. नवसागर आणि चुना एकत्र खलून बाटलीत भरायचा, घट्ट बूच लावायचं, आणि कुणाला भोवळ आली की नाकाशी धरायची, हे घरोघरचं औषध. त्यांनी ती हैबतीच्या नाकाखाली धरली. वास असा झोंबला की गड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. छाती भात्यासारखी भरली. भीती कुठल्या कुठे पळाली. शड्डू ठोकून तो मैदानात उतरला आणि दोन मिनिटांत त्याने समोरच्या पैलवानाला आस्मान दाखवलं.

झालं! "वस्तादांच्या बाटलीत जादू आहे," असं गावभर झालं. मग काय, तालमीतला जो तो कुस्तीआधी नाक पुढे करून उभा!

जादू कसली आलीय? त्या वासाने अंगात गुंजभरही बळ येत नाही. माणूस दचकतो, खडबडून जागा होतो, आणि घटकाभर त्याला दुखणं, दमणं, भिणं काही जाणवत नाही. येसबांना हे पक्कं ठाऊक होतं. पण लोक वाहवा करू लागले की खरं बोलायला जीभ जरा जडच होते.

त्यांची बायको सरूबाई मात्र एकदा स्पष्टच म्हणाली, "अहो, पडलेल्याला शुद्धीवर आणायचं औषध आहे ते. उभ्या माणसाला पळवायला कशाला वापरता?"

"तुला कुस्तीतलं काय कळतंय?" येसबा म्हणाले, आणि बाटली खिशात टाकून चालू लागले.

चैत्र आला, जत्रा भरली. हैबतीने एकामागून एक कुस्त्या मारल्या. शेवटच्या आधीची कुस्तीही त्यानेच मारली, पण त्या झटापटीत तो एकदा डोक्यावर आपटला. पंचांनी त्याचा हात वर केला, लोकांनी फेटे उडवले, आणि तो झोकांड्या खात वस्तादांकडे आला.

"वस्ताद," तो हळूच म्हणाला, "एकाची दोन-दोन माणसं दिसायला लागलीत. कानात नुसतं घुमतंय. आज इथंच थांबू का?"

आजवर त्याने असं कधी विचारलं नव्हतं. येसबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. 'बस लेकरा,' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. हैबती निमूटपणे बसला असता, कुणाच्या बापाची त्याला उठवायची हिंमत झाली नसती. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात समोर ताटात ठेवलेला मानाचा फेटा त्यांना दिसला. केशरी, जरीच्या काठाचा. बावीस वर्षं!

त्यांचा हात खिशात गेला.

"हुंग," ते म्हणाले.

हैबतीने हुंगलं. डोकं झटक्यासरशी वर झालं, डोळे लख्ख उघडले.

"आता किती दिसतात?"

"एकच, वस्ताद."

"मग जा, मार मैदान!"

हैबती पाया पडला आणि उतरला. आणि काय सांगू, जिंकला! गाव नुसतं वेडं झालं. हलग्या कडाडल्या, गुलाल उधळला. पंचांनी हैबतीच्या डोक्याला फेटा बांधला, तेव्हा येसबांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली.

हैबती त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "वस्ताद, माझी कुस्ती कधी लागणार?"

येसबांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. पुढच्याच क्षणी तो त्यांच्या हातांतून खाली ओघळला. येसबांनी बाटली काढली, नाकाशी धरली, पुन्हा पुन्हा धरली. पण आता तिचा काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी हैबती शुद्धीवर आला. जीव वाचला, पण पैलवान गेला. उभं राहिलं की तोल जायचा. भाकरीचा घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरायचा. सकाळी बोललेलं दुपारी आठवायचं नाही. वैद्य म्हणाले, "पहिल्या माराने एवढं झालं नसतं. डोक्याला मार बसल्यावर पुन्हा झुंजवलंत, तिथे घात झाला."

येसबांनी तालीम बंद केली. रोज सकाळी ते हैबतीच्या घरी जायचे, त्याला आंघोळ घालायचे, हाताला धरून अंगणात चालवायचे. हैबतीच्या आईने दोन शिव्या हासडाव्यात, निदान दार तरी लावून घ्यावं, असं त्यांना फार वाटायचं. पण ती माउली त्यांच्यासाठी घोंगडी अंथरायची.

एके दिवशी अंगणात चालता चालता हैबती थांबला. वस्तादांचा हात त्याने आपल्या थरथरत्या दोन्ही हातांत घेतला.

"वस्ताद, आई सांगते, शेवटची कुस्ती मी मारली म्हणे. मला तर काहीच आठवत नाही. पण मी थांबणार होतो आणि तुम्ही औषध हुंगवून उभं केलंत, असं पोरं म्हणतात. लई उपकार झाले तुमचे."

आणि तो वाकून त्यांच्या पाया पडू लागला. वाकताना त्याचा तोल गेला. येसबांनी त्याला सावरलं, छातीशी धरलं, आणि भर अंगणात हा एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला.

तात्पर्य: थकवा आणि वेदना म्हणजे शरीराने वेळेवर मारलेली हाक असते. ती दाबून मिळवलेल्या विजयाची किंमत फार मोठी पडते. आणि आपल्या हौसेपायी जो दुसऱ्याला ती हाक ऐकू देत नाही, त्याच्या पश्चात्तापाला तर अंतच नसतो.