फोटोवाल्याचा रिमोट

एका बाजारगावात एक फोटोवाला होता. त्याचं नाव बळवंत जिरगे. एसटी स्टँडसमोर त्याचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको शालन राहत. गावातलं एकही लग्न, एकही बारसं असं नव्हतं की जिथं बळवंताचा कॅमेरा पोचला नाही. कुणाला कुठं बसवावं, पदर कसा असावा, हनुवटी किती उचलावी, हे त्याला बरोबर कळे. सगळी मांडणी मनासारखी झाली की तो म्हणे, "हं, आता हसा!" माणसं हसत. बळवंत स्वतः मात्र कधी हसत नसे.

त्याला कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्याच्या चेहऱ्यावरून वारं गेलं आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. औषधपाण्याने पुष्कळ उतार पडला. बोलणं-जेवणं पूर्वीसारखं झालं. पण हसला की ओठाचं डावं टोक जागच्या जागी राही, उजवं वर चढे आणि एक डोळा बारीक होई. एवढंच. गाव ते केव्हाच विसरून गेलं होतं. पण ज्याचा धंदाच लोकांचे चेहरे निरखण्याचा, तो स्वतःच्या चेहऱ्याला माफ कसा करणार? तेव्हापासून बळवंताने स्वतःचा फोटो कुणाला काढू दिला नाही.

खरं कारण तो सांगत नसे. तो एवढंच विचारी, "मी फोटोत बसलो तर फोटो कोण काढणार?"

प्रश्न बिनतोड होता. तो इतक्यांदा विचारून झाला होता की बळवंताला स्वतःलाही तो खराच वाटू लागला होता. मुलीच्या, वैजयंताच्या लग्नातसुद्धा त्याने हाच प्रश्न पुढे केला. कन्यादानाला मामा-मामी बसले आणि बळवंत समोर कॅमेरा घेऊन उभा राहिला. आल्बम असा देखणा झाला की व्याही मंडळी पानं उलटता उलटता थकली. त्यात वाजंत्री होते, वाढपी होते, मांडवात शिरलेलं एक कुत्रंही होतं. फक्त नवरीचा बाप नव्हता.

पुढे वैजयंताने आणि जावयाने सांगलीत घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण देताना ती फोनवर म्हणाली, "बाबा, समोरच्या भिंतीवर ह्यांच्या आईबाबांचा जोडीनं काढलेला फोटो लावलाय. त्याच्या शेजारी तुमचा आणि आईचा लावायचाय. येताना घेऊनच या. मला दुसरं काही नको."

बळवंताने "बघू" म्हणून फोन ठेवला. शालनने मात्र त्याच दिवशी ट्रंकेतली हिरवी साडी काढून इस्त्रीला दिली.

"समोरच्या टेलरला हाक मारू का? एक बटण तर दाबायचं," ती म्हणाली.

"कॅमेरा आहे तो, शिलाई मशीन नाही. मी तो दुसऱ्याच्या हातात देत नसतो."

"मग त्याला ते आपोआप निघायचं असतंय ना? टायमर?"

"टायमर लावायचा, पळत येऊन बसायचं आणि धापा टाकताना फोटो काढून घ्यायचा! शोभेल का ते भिंतीवर?"

"मोबाइलवर काढू."

"फोटोवाल्याच्या घरचा फोटो मोबाइलवर काढलेला? लोक तोंडात शेण घालतील."

शालन उठून स्वयंपाकाला लागली. बळवंताला वाटलं, विषय मिटला. त्याने आपल्या बायकोला एवढ्या वर्षांत नीट ओळखलं नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

दोन दिवसांनी ती मिक्सर दुरुस्त करायला इलियासभाईंच्या दुकानात गेली आणि येताना एक लांबोडका काळा रिमोट घेऊन आली. टीव्ही, पंखा, एसी, सगळ्यांना चालणारा हा एकच रिमोट. इलियासभाईंनी सांगितलं होतं की, रिमोटवर चालणारा कॅमेरा असेल तर त्यालाही तो जुळवता येतो. बळवंताचा कॅमेरा तसा होता. तो जुन्या बाजारातून घेतलेला, त्यामुळे त्याचा मूळ रिमोट हरवलेला होता, इतकंच.

शालनने रिमोट बळवंतासमोर ठेवला. "घ्या. आता फोटो हा काढेल."

इतकी वर्षं ज्या प्रश्नावर बळवंत निभावून नेत होता, त्याचं उत्तर टेबलावर पडलं होतं.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो कामाला बसला. कॅमेरा स्टँडवर लावला. रिमोटसोबतचा कागद वाचला. काम सोपं होतं, पण चिकाटीचं. रिमोटच्या पोटात निरनिराळ्या यंत्रांचे नंबर भरलेले होते. एक बटण दाबत राहायचं, दर वेळी रिमोट पुढचा नंबर पाठवून बघतो. ज्या नंबराला कॅमेरा क्लिक करील तो आपला. तिथं लगेच थांबायचं आणि लाल बटण दाबून तो पक्का करायचा. आणखी एक गोष्ट होती. रिमोटचा इशारा पकडणारी काच कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असते. त्यामुळे रिमोट धरणाऱ्याला कॅमेऱ्याच्या समोरच बसावं लागतं. बळवंत नाइलाजाने गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला.

सुरुवातीला तो धास्तावलेला होता. पण असल्या खटपटी त्याला मनापासून आवडत. बटण दाब, कॅमेऱ्याकडे बघ, पुन्हा दाब. करता करता तो कशासाठी बसलाय हेच विसरून गेला. त्याला गंमत वाटू लागली. तो स्वतःशीच पुटपुटू लागला, कॅमेऱ्याला दटावू लागला. "आता तरी बोल की लेका."

आणि कॅमेरा बोलला. क्लिक!

बळवंताचा हात थांबला. नंबर सापडला होता. आता फक्त लाल बटण दाबायचं होतं. ते दाबलं की उद्या हिरवी साडी नेसलेल्या शालनशेजारी इथं, ह्याच बाकावर बसायचं. मग तो चेहरा मोठा करून, काचेत घालून मुलीच्या घरी लावायचा. येणारा-जाणारा तो बघणार. जावयाच्या आईबाबांच्या सरळ, चांगल्या चेहऱ्यांशेजारी.

त्याने लाल बटण दाबलं नाही. त्याने पुढचा नंबर लावला. मग त्याच्या पुढचा. शेवटपर्यंत दाबत गेला. पुन्हा क्लिक झालं नाही, कारण बरोबर नंबर केव्हाच मागे पडला होता.

थोड्या वेळाने शालन चहा घेऊन आली. "झालं का?"

"नाही जुळत. सगळे नंबर लावून बघितले. ह्या कॅमेऱ्याचा नंबरच नाही त्यात."

शालनने त्याच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "असू दे. तुम्ही काय कमी केलंत का?" बळवंताने चहाचा घोट घेतला. चहा गार झालेला होता. त्याला वाटलं, आज हिने गरम करायचा कंटाळा केला असेल.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा शालन वैजयंताशी फोनवर बोलत होती. "अगं, बाबांनी लई खटपट केली. दुपारभर बसले होते बिचारे. रिमोट जुळला नाही, त्यांचा काय दोष? तू हिरमुसू नको. तिथं गणपतीचा फोटो लाव. मी आणते येताना." फोन ठेवून ती आत गेली आणि इस्त्री करून आलेली हिरवी साडी पुन्हा ट्रंकेत ठेवू लागली. ट्रंकेचं झाकण मिटल्याचा आवाज बळवंताने ऐकला. अर्ध्या ताटावरून उठून तो स्टुडिओत गेला.

गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो छापायचे होते. ते निमित्त करून त्याने कॅमेरा कंप्युटरला जोडला. फोटो पडद्यावर उमटू लागले. एक मास्तर, एक म्हातारी, एक नोकरीला लागलेली तरुण मुलगी. आणि सगळ्यांत शेवटी बळवंत.

दुपारचा क्लिक कोरडा गेला नव्हता. कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं.

बळवंत दचकला. तो फोटो पुसून टाकायला त्याचा हात पुढे गेला. पण त्याने धंद्याच्या सवयीने आधी फोटो नीट पाहिला. रिमोट हातात धरून, मान पुढे काढून कॅमेऱ्याला दटावणारा एक माणूस. ओठाचं एक टोक वर चढलेलं, एक डोळा बारीक झालेला. तो हसत होता. वाकडं होतं, पण चांगलं भरपूर हसू होतं. ते आपल्या तोंडावर अजून आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि मग त्याला फोटोत आपल्या मागचं दार दिसलं. स्टुडिओतून घरात जाणारं ते दार. दाराचा पडदा बाजूला सारून शालन उभी होती. हातात चहाची कपबशी होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. समोर बसून आपल्याशीच बडबडणाऱ्या नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तसा बळवंताला कुठल्याच गिऱ्हाइकाकडून आजवर काढून घेता आला नव्हता.

म्हणजे तिने क्लिक ऐकला होता. त्यानंतर त्याने लाल बटण टाळलं, तेही पाहिलं होतं. त्याचे सगळे नंबर संपेपर्यंत ती तिथंच थांबली होती आणि तोवर चहा गार झाला होता. हे सगळं ठाऊक असून ती मुलीला म्हणाली होती, त्यांचा काय दोष?

बळवंताला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण ही लाज चेहऱ्याची नव्हती. तो उठला आणि आत गेला.

"शालन, रिमोट जुळला होता."

"ठाऊक आहे."

"मग तेव्हाच बोलायचंस की."

"म्हटलं, तुम्ही सांगाल. म्हणून थांबले."

बळवंत खाली बघत राहिला. "हे तोंड त्या भिंतीवर लावायचं म्हणजे..."

"हे तोंड मी रोज ताटासमोर बघते," शालन म्हणाली. "मला ते वाकडं कधी दिसलं नाही. उपाशी राहिलेलं मात्र आत्ता दिसतंय. जेवा आधी."

तो जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक पुन्हा उघडली. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले आणि बळवंताने पुन्हा पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. आदल्या दिवशी वाया घालवलेलं काम सगळं परत करावं लागलं. बराच वेळ काहीच होईना. शालन कंटाळली नाही. उलट म्हणाली, "आपल्याला असं बसलेलं बघितलं तर लोक म्हणतील, म्हातारपणी पुन्हा लग्न लावलं." शेवटी कॅमेरा क्लिक झाला, तेव्हा दोघंही एकदम ओरडले. बळवंताने लाल बटण इतक्या जोरात दाबलं की रिमोट हातातून निसटता निसटता राहिला.

मग त्याने शालनचा पदर सारखा केला. स्वतःची टोपी काढली, पुन्हा घातली. तो हसला. ओठ वाकडा झाला. या वेळी त्याने तो होऊ दिला आणि बटण दाबलं.

वास्तुशांतीच्या दिवशी वैजयंताने फोटोवरचा कागद सोडला आणि कितीतरी वेळ तो हातात धरून ती उभी राहिली. घरात पाहुणे होते, तरी तिला रडू आवरेना. ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात कॅमेऱ्याच्या मागं तुम्ही डोळे पुसत होता. मला दिसत होतं. मला तुम्हाला पुढं बोलवायचं होतं, पण धीर झाला नाही."

"मलाच झाला नाही, पोरी," बळवंत म्हणाला आणि त्याने तिला जवळ घेतलं.

गावी परतल्यावर त्याने एक नवी रीत सुरू केली. त्याच्याकडे तोंडावर पदर धरून बसणाऱ्या बाया येत. दात पडलेले, देवीचे व्रण असलेले, तिरळ्या डोळ्यांचे लोक येत. पूर्वी तो त्यांना घाईने हसायला सांगून मोकळा होई. आता तो आपला काळा रिमोट त्यांच्या हातात देतो आणि स्वतः बाजूला होतो. "घाई नाही," तो म्हणतो. "तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्हीच दाबा." काही जण लगेच दाबतात. काहींना वेळ लागतो. बळवंत थांबतो.

तात्पर्य: अडचण दूर झाल्यावर ज्याला आनंद होत नाही, त्याने समजावं की ती अडचण नव्हती, सबब होती. आणि आपलं जे उणं आपण सबबीआड लपवतो, ते आपल्या माणसांनी केव्हाच पाहिलेलं आणि आपलं मानलेलं असतं. त्यांच्यासमोर यायला आपणच तेवढे उशीर करतो.