वारुळाच्या दारातला काटा

माणसं रांगेत उभं राहायला शिकली नव्हती, त्या काळातली गोष्ट. एका वारुळात मुंगळे लपूनछपून शिरायचे आणि पिल्लं मारायचे. म्हणून राणीसरकारांनी संशोधन खातं काढलं आणि सगुणा मुंगीला त्यात बसवलं. सगुणाला साखरेचा दाणा धड उचलता यायचा नाही, पण डोकं भारी! तिने दारासाठी एक विषारी काटा बनवला. वारुळाचा वास आला की तो गप्प बसायचा, परका वास आला की सपकन टोचायचा.

चाचणीत मुंगळे मेले. घरच्या मुंग्या सुखरूप आत आल्या. राणीसमोर जायचं म्हणून सगळ्या न्हाऊनधुऊन आल्या होत्या.

"अक्का, आता तुझा पुतळा उभारतील. पण सहा पाय घडवणार कोण?" धाकटी बहीण ठकू हसली. मेलेल्या मुंग्यांना बाहेर पोचवायचं काम ठकूचं. तिला चाचणीला कुणी बोलावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठकू एका म्हाताऱ्या मुंगीला पोचवून परतली. अंगाला मढ्याचा वास होता. काटा उडाला.

सगुणा धावत आली तोवर ठकू गेली होती.

"काढा हो तो काटा!" सगुणा रडत म्हणाली.

"अहो सगुणाबाई, काटा चुकला कुठे?" कारभारीणबाई म्हणाल्या. "वास परकाच होता. उलट सरकारांनी आणखी शंभर मागवलेत."

ठकूला पोचवायला आता ठकू नव्हती. सगुणाने बहिणीला पाठीवर घेतलं. तिच्याही अंगाला तो वास लागला. बाहेर जाणारीला काटा टोचत नसे. परत यायला मात्र तेच एक दार होतं.